चार बांध मोजले म्हणजे शेत मोजले असे नाही : जमीन मोजणीचे गणित, एकेक पायरीने

गावाकडे शेताचे क्षेत्र काढण्याची एक सोपी रीत सर्रास चालते. समोरासमोरचे दोन बांध मोजायचे, त्यांची बेरीज निम्मी करायची. उरलेल्या दोन बांधांचेही तसेच करायचे आणि आलेल्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करून गुंठे काढायचे. मोबाइलवर हा हिशेब दोन मिनिटांत होतो, पण शेताचे चारही कोपरे काटकोनात नसतील तर तो चुकतोच. शिवाय तो कधी कमी, कधी जास्त असा चुकत नाही, नेहमी एकाच बाजूला चुकतो आणि क्षेत्र असते त्याहून जास्त दाखवतो. जमीन विकणाऱ्याला ही रीत का आवडते, हे वेगळे सांगायला नको.

दोष गुणाकारात नाही, मापांतच आहे. चार बाजूंच्या लांबीवरून चौकोनाचे क्षेत्र मुळी ठरतच नाही. ढिली झालेली खाट कोपऱ्यातून ढकलली की चौकट तिरकी होते. लाकडांची लांबी तेवढीच राहते, पण मधली जागा कमी होते. प्रत्येकी ६० मीटर बाजू असलेले चौरस शेत ३६०० चौरस मीटर भरते; तेच कलून एक कोन ६० अंशांचा झाला, तर चारही बांध ६० मीटरच राहूनही क्षेत्र ३११८ चौरस मीटर उरते. सरासरीची रीत मात्र दोन्ही वेळा ३६०० हेच उत्तर देते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त नेमके हेच बजावले आहे. एखादा लंब किंवा कर्ण न सांगता जो चौकोनाचे निश्चित क्षेत्र विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि जो ते सांगतो त्याला त्याहूनही मोठे पिशाच.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत दोन गोष्टी धरून चालायचे आहे: कर्णाशिवाय क्षेत्र काढायचे नाही, आणि उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळल्याशिवाय खरे मानायचे नाही. ही मोजणी स्वतःच्या माहितीसाठी, खरेदीपूर्वीच्या अंदाजासाठी किंवा भावकीतल्या बोलणीसाठी उपयोगी पडते. हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी लागते आणि तिथे भूकरमापकाच्या मोजणीचा नकाशाच चालतो.

आधी एककांचा घोळ मिटवा

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने लिहिलेले असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यामुळे ०.५४.८६ ही नोंद शून्य हेक्टर, ५४ आर, ८६ चौरस मीटर, म्हणजेच एकूण ५४८६ चौरस मीटर अशी वाचायची. ०.०५.०० हे पाच आर आहेत, अर्धा हेक्टर नव्हे. घाईत वाचणारे पुष्कळ लोक इथे फसतात.

बोलण्यात मात्र अजून एकर आणि गुंठाच आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट किंवा ४०४६.८६ चौरस मीटर. एका हेक्टरात २.४७१ एकर, म्हणजे ९८.८४ गुंठे बसतात. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्याने ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ असे धरून चालण्याची सवय असते. एका गुंठ्यात फरक सव्वा चौरस मीटरही नाही, पण दहा एकरांत तो पावणेपाच गुंठ्यांच्या आसपास जातो.

यापेक्षाही महाग पडणारी चूक दशांश चिन्हाची आहे. जुन्या कागदावर १-१४ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक एकर चौदा गुंठे, म्हणजे ५४ गुंठे. हाच आकडा कोणी कॅल्क्युलेटरवर १.१४ एकर म्हणून टाकला, तर ४५.६ गुंठे होतात आणि आठ-साडेआठ गुंठे जागच्या जागी नाहीसे होतात. एकर-गुंठे कॅल्क्युलेटरवर घेण्यापूर्वी नेहमी सगळे गुंठे करून घ्यावेत.

जुन्या टिपणांची (मोजणीच्या मूळ नोंदींची) नक्कल हाती आली तर तिच्यावर मीटर नसतात, साखळ्या आणि आणे असतात. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यातून ज्या पद्धतीला सुरुवात केली, त्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत आणि तिचे १६ आणे पाडत. या मापाची गंमत अशी की साखळी गुणिले साखळी केले की थेट गुंठेच येतात. ३ साखळ्या ८ आणे लांब आणि २ साखळ्या ४ आणे रुंद असा काटकोनी तुकडा घ्या: ३.५ × २.२५ = ७.८७५, म्हणजे ७ गुंठे १४ आणे. इथे लांबीचा आणा (सुमारे ६३ सेंटिमीटर) आणि क्षेत्राचा आणा (६८ चौरस फुटांहून किंचित अधिक) यांची गल्लत करू नये. नाव एकच असले तरी वस्तू दोन आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या अभिलेखांचे माप वेगळे असू शकते, म्हणून नकाशावर एकक काय दिले आहे ते वाचूनच हिशेबाला बसावे.

टेपची परीक्षा

साहित्य साधेच लागते: ३० मीटरचा टेप, झेंडी लावलेल्या चार-पाच काठ्या, खुंट्या, ओळंबा आणि वही. पण सुरुवात टेपपासून करावी. आमच्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेल्या एका टेपचे सुरुवातीचे टोक तुटले होते आणि कोणीतरी कडी वीस सेंटिमीटरच्या खुणेपाशी गाठ मारून पुन्हा बसवली होती. बांधलेली गाठ रोज दिसत होती, तिचा अर्थ मात्र कोणी लावला नव्हता. त्या टेपने ८५ मीटरचा बांध तीन वेळा टेप लावून मोजला की माप साठ सेंटिमीटर जास्त येई, कारण प्रत्येक वेळी नसलेले वीस सेंटिमीटर हिशेबात येत होते. असा टेप असेल तर शून्य सोडून १ मीटरच्या खुणेपासून मोजावे आणि प्रत्येक वाचनातून १ वजा करावा.

दुसरा दोष ताणला गेल्याचा. कापडी आणि फायबरचे टेप ओढून ओढून लांबतात. चांगल्या पोलादी टेपशी ताडून पाहिल्यावर आपला ३० मीटरचा टेप खरा ३०.०६ मीटर निघाला असे समजा. लांब झालेला टेप माप कमी दाखवतो, हे पटकन लक्षात येत नाही, पण खरे आहे. टेप मोठा, म्हणून तो कमी वेळा बसतो. दुरुस्ती अशी:

खरी लांबी = मोजलेली लांबी × टेपची खरी लांबी ÷ टेपची लिहिलेली लांबी

क्षेत्रासाठी हाच गुणक दोनदा लागतो. इथे गुणक ३०.०६ ÷ ३० = १.००२, त्याचा वर्ग सुमारे १.००४, म्हणून ५२८० चौरस मीटर वाटलेले शेत प्रत्यक्षात ५३०१ चौरस मीटर असते. तापमानाची दुरुस्ती शेताच्या क्षेत्रासाठी सोडून दिली तरी चालते: ३० मीटरचा पोलादी टेप २० अंश सेल्सिअस जास्त तापला तरी जेमतेम ७ मिलिमीटर वाढतो.

कर्ण आणि लंब

आता प्रत्यक्ष शेत घेऊ. कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावे देऊ; अ पश्चिमेला, ब दक्षिणेला, क पूर्वेला आणि ड उत्तरेला. पहिल्यांदा अ ते क हा लांब कर्ण सरळ रेषेत आखून घ्यावा. मध्ये दोन-तीन काठ्या उभ्या करून, अ पाशी उभे राहून एक डोळा मिटून पाहिल्यावर सगळ्या काठ्या एकीआड एक दडल्या, तर रेषा सरळ आहे. कर्ण मोजला, तो १२० मीटर आला.

आता ब कोपऱ्यातून या कर्णावर लंब टाकायचा. क्रॉस स्टाफ (काटकोन पाहण्याचे साधे साधन) असेल तर उत्तम; नसेल तर टेपचे शून्य (लंब टेपहून लांब असेल तर न ताणणाऱ्या दोरीचे टोक) ब वर धरून दुसरे टोक कर्णावरून हळूहळू झुलवावे आणि जिथे अंतर सर्वांत कमी येते तिथे खुंटी ठोकावी. ती जागा लंबाचा पाया आहे. कोन काटकोन आहे याची खात्री करायची तर खुंटीपासून कर्णावर ९ मीटर आणि लंबावर १२ मीटर खुणा कराव्यात. त्या दोन खुणांतले अंतर १५ मीटर भरले पाहिजे. आपल्या शेतात ब चा लंब अ पासून ३६ मीटरवर पडला आणि त्याची लांबी ४८ मीटर आली. ड चा लंब अ पासून ७५ मीटरवर, लांबी ४० मीटर.

क्षेत्र आता एका ओळीत येते, कारण कर्णाने शेताचे दोन त्रिकोण केले आहेत आणि दोघांचा पाया एकच आहे:

½ × १२० × (४८ + ४०) = ५२८० चौरस मीटर

म्हणजे ५२.८० आर, किंवा ५२८० ÷ १०१.१७ = ५२.१९ गुंठे, एक एकर बारा गुंठ्यांहून किंचित जास्त. याच शेताचे चार बांध ६०, ९६.७५, ६०.२१ आणि ८५ मीटर आहेत. सरासरीची रीत लावली तर ६०.१० × ९०.८७, म्हणजे सुमारे ५४६२ चौरस मीटर येतात. फरक १८२ चौरस मीटरांचा, म्हणजे १.८ गुंठ्यांचा आहे. शेत फार वाकडेही नाही, तरी एवढा.

पडताळा

पहिला पडताळा बाजूंचा. लंबाची दोन मापे हाती असली की प्रत्येक बाजू पायथागोरसने निघते. अ-ब = √(३६² + ४८²) = ६०. ब-क साठी कर्णाचा उरलेला भाग १२० − ३६ = ८४, म्हणून √(८४² + ४८²) = ९६.७५. तसेच अ-ड = √(७५² + ४०²) = ८५ आणि क-ड = √(४५² + ४०²) = ६०.२१. हे आकडे कागदावर काढून ठेवावेत आणि मगच बांधावर टेप लावावा. दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक शेतात चालून जातो; पूर्ण मीटराचा फरक आला तर बहुधा टेपवरचा मीटरचा आकडा वाचताना चूक झालेली असते, आणि फरक नेमका ३० मीटरचा आला तर टेप किती वेळा लावला याची मोजदाद नक्कीच चुकलेली असते.

दुसरा पडताळा दुसऱ्या कर्णाचा. ब आणि ड यांच्यातले आडवे अंतर ७५ − ३६ = ३९ आणि उभे अंतर ४८ + ४० = ८८, म्हणून ब-ड = √(३९² + ८८²) = ९६.२५ मीटर असायला हवे. हे एक माप जागेवर जुळले की बाकीच्या मापांवर विश्वास बसतो. घाई असेल तर मी बाजूंचा पडताळा सोडतो, पण दुसरा कर्ण सोडत नाही.

लंब टाकणे शक्य नसेल, पण कर्ण आणि बाजू मोजता येत असतील, तर हेरॉनचे सूत्र कामी येते. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज निम्मी करून तिला अर्धपरिमिती म्हणावे; मग अर्धपरिमिती आणि तिच्यातून एकेक बाजू वजा करून येणाऱ्या तीन संख्या, अशा चौघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ हेच क्षेत्र. अ-ब-क या त्रिकोणात बाजू ६०, ९६.७५ आणि १२०; अर्धपरिमिती १३८.३७५, उरलेल्या तीन संख्या ७८.३७५, ४१.६२५ आणि १८.३७५. गुणाकाराचे वर्गमूळ २८८०.१ येते. दुसऱ्या त्रिकोणाचे तसेच २४००.१ येते. बेरीज ५२८०.२, म्हणजे लंबाने आलेल्या उत्तराशी फरक पाव चौरस मीटरचाही नाही. हा हिशेब करताना मधले आकडे तोडू नयेत. पूर्ण मीटरांत मोडून घेतलेल्या बाजू सूत्रात टाकल्या, तर निमुळत्या त्रिकोणाचे उत्तर चांगलेच ढळते.

वाकडा बांध

शेताची एखादी बाजू ओढ्याच्या किंवा नाल्याच्या कडेने जाते आणि ती सरळ नसते. आपल्या शेतात अ-ड ही बाजू तशी आहे. ओढा सरळ रेषेच्या बाहेर पोट काढून वाहतो. अशा वेळी अ ते ड सरळ रेषा आखून तिचे सारखे भाग करावेत आणि प्रत्येक खुणेपासून ओढ्याच्या काठापर्यंत लंब अंतर मोजावे. ८५ मीटरचे १७ मीटरचे पाच भाग केले आणि अंतरे ०, २.१, ३.४, ४.०, २.६, ० अशी आली. पहिले आणि शेवटचे अंतर निम्मे धरून बाकीची पूर्ण मिळवायची आणि भागाच्या लांबीने गुणायचे:

१७ × (० + २.१ + ३.४ + ४.० + २.६ + ०) = १७ × १२.१ = २०५.७ चौरस मीटर

ओढा बाहेर फुगलेला असल्याने हे क्षेत्र मिळवायचे: ५२८० + २०५.७ = ५४८५.७ चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत ०.५४.८६, आणि गुंठ्यांत ५४.२२. ओढा आत घुसला असता तर तेवढेच वजा केले असते. पुस्तकात सिम्प्सनचे सूत्र जास्त अचूक म्हणून सांगितलेले असते, पण ते भागांची संख्या सम असेल तरच लागू होते. आपले भाग पाच आहेत, आणि ओढ्याचा काठ कुठल्याच गणिती वक्रासारखा वळत नसल्याने या कामाला साधी रीत पुरते. काठ जिथे एकदम वळतो तिथे मात्र जादा लंब घ्यावा आणि त्या भागापुरते समलंब चौकोनाचे क्षेत्र वेगळे काढावे. पोटखराब्याचा (लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा) तुकडाही असाच स्वतंत्र मोजून वेगळा लिहून ठेवावा.

उतार

अभिलेखातले क्षेत्र हे वरून पाहिलेले, सपाट धरलेले क्षेत्र असते. कोकणातल्या वरकस जमिनीत किंवा घाटमाथ्यावरच्या शेतात टेप जमिनीला टेकवून मोजले तर लांबी जास्त येते. ३० मीटरच्या टेपाच्या दोन टोकांत उंचीचा फरक ३ मीटर असेल, तर सपाट अंतर √(३०² − ३²) = २९.८५ मीटर; एका टेपामागे १५ सेंटिमीटर कमी. सूत्रापेक्षाही सोपा उपाय म्हणजे पायरीने मोजणे: टेप नजरेने आडवा धरायचा, उंचावलेल्या टोकाला ओळंबा सोडायचा आणि तो जिथे टेकतो तिथून पुढचा टप्पा धरायचा. उतार तीव्र असेल तिथे ५ ते १० मीटरांचेच टप्पे घ्यावेत, नाहीतर टेपाला झोळ पडतो.

शेतात ऊस उभा असेल तर

वरची सगळी रीत कर्णावर चालत जाता आले तरच चालते. बारा महिन्यांचा ऊस उभा असेल तर कर्ण मोजणे अशक्य होते, आणि तेव्हा बांधाबांधाने फिरून प्रत्येक बाजूची लांबी व दिशा मोजावी लागते. दिशा म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन, त्याला दिगंश म्हणतात. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन दोन्ही मोजणारे यंत्र) भाड्याने मिळाले तर उत्तम. साध्या होकायंत्राने भागवायचे तर विजेच्या तारा, लोखंडी कुंपण आणि खिशातला मोबाइल यांपासून लांब राहावे. कर्ण नाही म्हणून त्याची जागा इथे कोन घेतात, आणि पडताळा असा की चौकोनाच्या आतल्या कोनांची बेरीज ३६० अंश, पाच कोपऱ्यांची ५४०, म्हणजे कोपऱ्यांच्या संख्येतून २ वजा करून १८० ने गुणल्यावर येते तेवढी असली पाहिजे.

त्यानंतर प्रत्येक बाजूचे दोन घटक करायचे. लांबी × दिगंशाचा साइन म्हणजे पूर्वेकडचे सरकणे, आणि लांबी × दिगंशाचा कोसाइन म्हणजे उत्तरेकडचे. पश्चिम आणि दक्षिण ऋण. आपल्याच शेताला फेरी मारल्यावर नोंदी अशा आल्या असे समजू:

अ-ब : ६०.०० मीटर, १४३° ०८′, पूर्व +३५.९९७, उत्तर −४८.००२
ब-क : ९६.८० मीटर, ६०° १५′, पूर्व +८४.०४२, उत्तर +४८.०३४
क-ड : ६०.२० मीटर, ३११° ३८′, पूर्व −४४.९९४, उत्तर +३९.९९५
ड-अ : ८४.९५ मीटर, २४१° ५६′, पूर्व −७४.९६०, उत्तर −३९.९६९

फिरून जिथून निघालो तिथेच आलो आहोत, म्हणून दोन्ही बेरजा शून्य यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात पूर्वेची बेरीज +०.०८५ आणि उत्तरेची +०.०५८ आली. म्हणजे कागदावर आपण मूळ खुंटीपासून √(०.०८५² + ०.०५८²) = ०.१०३ मीटर दूर थांबलो. एकूण फेरी ३०१.९५ मीटरची, म्हणून चूक साधारण २९०० मध्ये १ या प्रमाणात आहे. शेताच्या कामाला हे उत्तम आहे. तीन-चारशेत १ आली असती तर मी फेरी पुन्हा मारली असती, आकडे पुसून जुळवले नसते.

राहिलेली चूक बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून द्यायची. अ-ब च्या वाट्याला पूर्वेत ०.०८५ × ६० ÷ ३०१.९५ = ०.०१७ येते, ब-क च्या ०.०२७, क-ड च्या ०.०१७ आणि ड-अ च्या ०.०२४. चिन्ह धन होते म्हणून ही वजा करायची, उत्तरेचेही तसेच. मग अ ला (०, ०) धरून एकेक घटक मिळवत गेले की कोपऱ्यांचे निर्देशांक मिळतात: ब (३५.९८०, −४८.०१४), क (११९.९९५, ०.००२), ड (७४.९८४, ३९.९८५).

निर्देशांकांवरून क्षेत्र काढायला नाडी बांधल्यासारखा तिरका गुणाकार करतात. प्रत्येक कोपऱ्याचा पूर्व आकडा पुढच्या कोपऱ्याच्या उत्तर आकड्याने गुणायचा, त्यातून पुढच्याचा पूर्व आणि याचा उत्तर यांचा गुणाकार वजा करायचा, सगळ्या वजाबाक्यांची बेरीज करून निम्मी करायची. अ शून्यावर असल्याने आपल्याकडे दोनच ओळी उरतात:

ब-क : ३५.९८० × ०.००२ − ११९.९९५ × (−४८.०१४) = ५७६१.५१
क-ड : ११९.९९५ × ३९.९८५ − ७४.९८४ × ०.००२ = ४७९७.८५

बेरीज १०,५५९.३६, निम्मे ५२७९.७ चौरस मीटर. उसात पाऊल न ठेवता आलेले उत्तर कर्णाच्या उत्तरापासून एक तृतीयांश चौरस मीटरही दूर नाही. बेरीज ऋण आली तर घाबरू नये. कोपरे घड्याळाच्या दिशेने घेतले गेले एवढाच त्याचा अर्थ. ओढ्याचे पोट यात धरलेले नाही, ते वेगळे मिळवायचे आहे.

मोबाइलच्या जीपीएसबद्दल

मोबाइलमधल्या अॅपवर शेताभोवती फिरून क्षेत्र काढणे अंदाजाला ठीक आहे. साध्या मोबाइलची चूक मोकळ्या आभाळाखालीही काही मीटरांची असते. आपल्या शेताची फेरी ३०२ मीटरची आहे. सगळी हद्द एक मीटर बाहेर सरकली तर क्षेत्र सुमारे ३०० चौरस मीटरांनी, म्हणजे तीन गुंठ्यांनी वाढते. भूमि अभिलेखचे रोव्हर (मोजणीचे जीपीएस यंत्र) हे वेगळे प्रकरण आहे; त्याला स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळते, म्हणून तो सेंटिमीटरांत बोलतो.

अक्षांश-रेखांश हाती घेऊन स्वतः हिशेब करणारे एक चूक हमखास करतात: एक अंश म्हणजे १११ किलोमीटर असे दोन्ही दिशांना धरतात. पुण्याच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, पण पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५.६ किलोमीटरचाच असतो. दोन्हीकडे १११ धरले तर क्षेत्र पाच टक्क्यांहून जास्त फुगते. निर्देशांक सहा-सात आकडी मीटरांत मिळाले असतील तर सगळ्यांतून एक समान संख्या वजा करून आकडे लहान करून घ्यावेत, म्हणजे कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गिळणार नाही.

नकाशाच्या झेरॉक्सवरून क्षेत्र काढतानाही असाच सापळा असतो. १:१००० प्रमाणाच्या नकाशावर १ चौरस सेंटिमीटर म्हणजे नेमका १ आर, हे सोयीचे आहे. पण झेरॉक्स ९८ टक्क्यांवर निघाली असेल तर क्षेत्र ९६ टक्केच येते. नकाशावरची एक माहीत असलेली लांबी पट्टीने मोजून आधी खरे प्रमाण काढावे.

वाटणीची रेषा

शेवटी, ज्यासाठी हे गणित बहुतेक वेळा लागते ती गोष्ट. ओढ्यासकट ५४८५.७ चौरस मीटरचे हे शेत दोन भावांत सारखे वाटायचे आहे, आणि विहीर अ कोपऱ्यात असल्याने दोघांनाही अ पर्यंत पोचायचे आहे. वाटणी तुकडेबंदीच्या (जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या) नियमांत बसते का, हे आधी विचारून घ्यावे.

प्रत्येकाचा वाटा २७४२.८५ चौरस मीटर. अ-ब-क हा त्रिकोण २८८० चौरस मीटरचा, म्हणजे वाट्याहून थोडा मोठा आहे, म्हणून अ पासून निघणारी रेषा ब-क बांधावर क च्या अलीकडे कुठेतरी पडेल. त्या जागेला प म्हणू. एकाच शिरोबिंदूच्या त्रिकोणांची क्षेत्रे पायांच्या प्रमाणात असतात, त्यामुळे:

ब-प = ९६.७५ × २७४२.८५ ÷ २८८० = ९२.१४ मीटर

म्हणजे प हा क पासून ४.६१ मीटरवर येतो. अ-ब-प हा दक्षिणेचा त्रिकोण एका भावाचा. उरलेला पट्टा, ड चा भाग आणि ओढ्याचे पोट दुसऱ्याचे. दुसऱ्याचा वाटा स्वतंत्रपणे मांडून पाहावा: अ-प-क हा अरुंद तुकडा १३७.१५, अ-क-ड चा त्रिकोण २४०० आणि ओढा २०५.७, बेरीज २७४२.८५. ओढा हिशेबात धरायचा विसरला असता तर प हा ब पासून ८८.६९ मीटरवर आला असता, साडेतीन मीटर अलीकडे, आणि दक्षिणेच्या भावाचा एक गुंठाभर भाग गेला असता.

खुंटी ठोकण्यापूर्वी अ-प ही लांबी कागदावर काढावी. कर्णावर मोजल्यास प चा पाया अ पासून ११६.०० मीटरवर आणि लंब २.२९ मीटर, म्हणून अ-प = √(११६.००² + २.२९²) = ११६.०२ मीटर. दोघे भाऊ जागेवर असताना ब पासून ९२.१४ मीटरवर प ची खूण करावी, अ पासून तिथपर्यंत टेप लावावा आणि ११६.०२ च्या पाच-सात सेंटिमीटर इकडेतिकडे आले तरच मधले दगड पुरावेत.